घरात कोणी पुरुष नाही

बहरीनमध्ये मी बावीस वर्षे दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. माझे स्वतःचे शिक्षण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावी आठवीपर्यंत झाले आणि नववीत मी सहामाहीपर्यंत बसलो. पण अर्ज ही शाळेत शिकवली जाणारी विद्या नव्हे. अरबी लिपी मदरशात शिकलो, अरबी बोलणे बहरीनच्या गोदीवर शिकलो आणि माणसाची अडचण कोणत्या क्रमाने मांडली म्हणजे टेबलापलीकडचा अधिकारी ती शेवटपर्यंत वाचतो, हे मी कोणाकडूनही शिकलो नाही. ते मला आपोआप येत गेले. उम्म अल हस्सममध्ये एका फोटो स्टुडिओच्या पुढच्या भागात माझे टेबल होते. त्यावर दोन टाइपरायटर होते, एक इंग्रजी आणि एक अरबी. लोक मला उस्ताद म्हणत, आणि मी त्यांना तसे म्हणू देत असे.

माझा एक नियम होता. अर्जदार जे सांगेल त्यातले काहीही गाळायचे नाही. अर्जात सुटलेली गोष्टच पुढे माणसाला बुडवते, हे मी अनेकदा पाहिले होते. म्हणून मी माणसाकडून हकीकत तीन वेळा वदवून घेत असे आणि तो जिथे अडखळला तिथे पेन्सिलीने खूण करत असे. या नियमाचा मला अभिमान होता. ज्या प्रकरणाविषयी मी आता लिहीत आहे, त्यात हा नियम काय करून गेला ते माझे मलाही नीटसे ठरवता आलेले नाही.

नव्वदच्या दशकाचा तो मधला काळ होता. स्टुडिओच्या मागच्या गल्लीत कपड्यांना इस्त्री करणारे एक दुकान होते, आणि तिथे लाल समुद्रापलीकडच्या एका देशाचा पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण काम करीत असे. त्याच्या देशाचे नाव मी लिहीत नाही. तिथे कित्येक वर्षे लढाई चालू होती आणि प्रत्येक तरुणाला लष्करात जाण्याची सक्ती होती, एवढे पुरेसे आहे. परदेशी असलेल्यांचीही त्यातून सुटका नव्हती. पासपोर्टची मुदत वाढवायची तर भरतीच्या कार्यालयाचा कागद लागे. एक तर लष्करात नोकरी करून आल्याचा, नाही तर तहकुबीचा, नाही तर कायमची सूट मिळाल्याचा. कागद नसेल तर पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर विमानतळावरून थेट छावणीत.

त्याला मी सलग दोन वर्षे तहकुबी मिळवून दिली होती, परदेशी नोकरीच्या दाखल्यावर. तिसऱ्या वर्षी उत्तर आले की युद्धकाळात तिसरी तहकुबी मिळत नाही. शिक्षणाचा दाखला त्याच्या उपयोगाचा नव्हता, कारण तो शिकत नव्हता. वैद्यकीय दाखलाही नाही, कारण दिवसाला दोनशे शर्टांना इस्त्री करणाऱ्या माणसाच्या प्रकृतीविषयी कोणता डॉक्टर शंका घेणार? कायद्यात एकच दार उरले होते. आईचा एकुलता एक हयात मुलगा असेल, तर त्याला सक्ती नाही.

त्याला एक थोरला भाऊ होता. तो चार वर्षांपूर्वी त्याच लढाईवर गेला होता आणि परतला नव्हता. मेल्याची खबर नाही, पकडला गेल्याची नाही. चार वर्षे ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला मृत धरता येते, अशी त्यांच्या कायद्यात सोय होती. मात्र त्यासाठी आईचे निवेदन लागे. बाप आधीच वारला होता. पासपोर्टची मुदत संपायला दहा आठवडे होते.

आईला लिहिता येत नव्हते, आणि गावातल्या कोणाकडून लिहून घ्यायला ती तयार नव्हती. तेव्हा मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला. आमच्या कोकणातल्या बायका त्या काळी पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवीत. चुलीपाशी टेप ठेवायचा आणि कोंबड्यांपासून नणंदेपर्यंत सगळे बोलून टाकायचे. गल्फमधल्या आमच्या निम्म्या खोल्यांत शुक्रवारी सकाळी अशा कॅसेटी वाजत. मी त्या तरुणाला म्हणालो, आईला कॅसेटवर बोलू दे, मी शब्दशः उतरवून घेतो, मग तो कागद तुमच्या गावच्या इमामाकडे पाठवू, त्याच्यासमोर ती अंगठा देईल. त्याच्या गावचा एक माणूस जुफैरमध्ये एका इमारतीवर पहारेकरी होता आणि नेमका रजेवर निघाला होता. टेप रेकॉर्डर त्याच्याबरोबर गेला आणि तीन आठवड्यांनी तो कॅसेट घेऊन परतला.

ती आम्ही एका दुपारी ऐकली. एक ते चार स्टुडिओ बंद असे. माझा शेजारी, अमरावतीकडचा एक बौद्ध गृहस्थ, एसी दुरुस्तीचे काम करी. त्याच्याकडे चांगला टेप होता. तो टेप घेऊन आला तो बोलतच आला.

“काय वकीलसाहेब, आज कोनाले मारून राहिले कागदावर?”

“मारत नाही भाऊ, कायद्याने मृत धरायचे आहे.”

“हे बरं हाय. मानूस मेला का नाही हे तुमी ठरवता, अन् एसीत गॅस हाय का नाही हे मी सांगतलं तं तुमाले पटत नाही.”

तो तरुण हसला नाही. त्याला मराठी कळत नव्हते, पण कशाविषयी बोलणे चालले आहे ते कळले असावे. तो माझ्याशी मोडक्या हिंदीत आणि अरबीत बोले, ते मी इथे मराठीत देतो.

आईचा आवाज अगदी जवळून येत होता, तोंड टेपला लावून बोलल्यासारखा. तिची अरबी मला दोन तृतीयांश कळत होती, उरलेले तो सांगत होता. तिने आधी अल्लाचे नाव घेतले. मग नवऱ्याचे नाव, मुलांची नावे, कोणता आधी जन्मला, कोणता नंतर. थोरला कोणत्या महिन्यात गेला, त्याच्या अंगावर कोणता सदरा होता. त्यानंतर चार रमझान ईद झाल्या. कोणी निरोप आणला नाही, कोणी त्याला पाहिले नाही. “मी त्याला मेलेल्यांत मोजते,” ती म्हणाली. तिच्या आवाजात रडे नव्हते. “मला आता एकच मुलगा आहे आणि तो समुद्रापलीकडे आहे. माझ्या घरात कोणी पुरुष नाही.”

आणि त्या वाक्याच्या पाठोपाठ, टेपपासून काही हातांच्या अंतरावर, एक पुरुष खोकला.

दोनदा कोरडे, आखूड. मग एक लांब.

आई क्षणभर थांबली आणि पुढे बोलू लागली.

मी माझ्या सवयीने पेन्सिलीची खूण केली. तरुणाचा हात टेबलावर होता, तो तसाच राहिला. तो म्हणाला, “उस्ताद, पुन्हा लावा.”

पुन्हा लावले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ते खोकणे येणार हे ठाऊक असल्यामुळे आम्ही तिघेही श्वास रोखून बसलो, आणि मला चमत्कारिक जाणीव झाली की त्या दूरच्या घरातही, टेपच्या दुसऱ्या बाजूला, कोणीतरी असाच श्वास रोखून बसले होते आणि शेवटी त्याला खोकला आवरला नाही.

“शेजारचं कोनी असंल,” माझा शेजारी म्हणाला. मी ते अरबीत सांगितले.

“शेजार नाही. विहिरीपर्यंत दुसरे घर नाही.”

“मग ज्याने कॅसेट भरली तोच खोकला असेल,” मी म्हणालो.

“तो माझा भाऊ आहे,” तरुण म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला, जणू दारात कोण उभे आहे ते सांगत होता. “आम्ही लपाछपी खेळायचो. मी लहान, मला तो सापडायचा नाही, मी रडायचो. मग तो जिथे लपला असेल तिथून असा खोकायचा. दोनदा आखूड, एकदा लांब. मी त्याला शोधावे म्हणून.”

एसीची घरघर चालू होती. माझ्या शेजाऱ्याने हात लांब करून टेप बंद केला. आई कोणत्याशा शब्दाच्या मध्येच थांबली.

लष्करातून पळून आलेला माणूस घरात लपलेला असू शकतो, हे मला कळत होते. तसे असेल तर आईचे निवेदन खोटे होते, आणि खोटा अर्ज मी कधीही लिहिला नव्हता. तसे नसेल, तर ते काय होते याचा विचार मी केला नाही. मी ठरवले की आधी साक्षीदार तपासायचा. तपासल्याशिवाय मी एक ओळही टाइप करीत नसे. दुसऱ्या दिवशी तरुणाला न सांगता मी टॅक्सी करून जुफैरला गेलो.

पहारेकरी इमारतीच्या जिन्याखाली खुर्ची टाकून बसला होता. मोठा सज्जन, हळू बोलणारा माणूस. मी त्याला चहा पाजला आणि सरळ विचारले, “कॅसेट भरताना खोलीत तू होतास का?”

“नाही उस्ताद. मी टेप चालू करून दिला. ती म्हणाली, बाहेर थांब, मला लाज वाटते. मी बाभळीखाली जाऊन बसलो.”

“तू खोकलास का?”

“मी? नाही. का?”

“घरात दुसरे कोणी होते?”

तो हसला. “कोण असणार? म्हातारी एकटी आहे.” मग त्याला काहीतरी आठवले. “तिने चहा केला होता. दोन पेले भरले. एक मला दिला. मला तहान होती, माझा संपला, मी दुसऱ्याकडे हात केला. तर म्हणाली, तो तुझा नाही. मला वाटले, तिच्यासाठी आहे. पण तिने घेतला नाही. मी निघालो तेव्हाही तो भरलेलाच होता, आणि तिने त्यावर बशी झाकली होती.”

हे सांगता सांगता त्याचा चेहरा बदलत गेला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “पण उस्ताद, तुम्ही हे का विचारता?”

परतीच्या टॅक्सीत बसल्यावर मला समजले की मी काय करून बसलो आहे. तोपर्यंत त्या खोकल्याविषयी त्या घराबाहेर तीन माणसांना माहीत होते. आता चौथा होता, त्या गावचा होता, आणि त्याला मीच ते सांगितले होते. न बोलता. फक्त प्रश्न विचारून.

माझ्या शेजाऱ्याला मी ते सांगितले. त्याने पाना खाली ठेवला.

“तुमाले कोनं सांगतलं होतं जायले?”

“साक्षीदार तपासणे हे माझे काम आहे.”

“तुमचं काम! अरे, त्या पोराचा भाऊ जित्ता असंल तं लपून बसला हाय तो तिथं. अन् तुमी त्याच्या दारावर कडी वाजवून आले, वकीलसाहेब.” एवढे बोलून तो पुन्हा कामाला लागला, आणि त्या दिवशी त्याने माझ्याशी आणखी थट्टा केली नाही.

तरुणाला मी सगळे सांगितले, कारण न सांगणे हेही गाळणेच होते. तो चिडला नाही. त्याने विचारले, “आता काय करायचे?”

मी त्याला त्याची स्थिती, मी अर्ज समजावतो तशीच, समजावली. निवेदन पाठवले नाही, तर दीड महिन्याने त्याचा पासपोर्ट संपतो आणि तो लढाईवर जातो. निवेदन पाठवले आणि भाऊ खरोखर मेलेला असेल, तर सगळे न्याय्य आहे. निवेदन पाठवले आणि भाऊ जिवंत असेल, तर तो कागदावर मरतो. मग तो त्या खोलीतून कधीही बाहेर येऊ शकणार नाही, कारण मेलेल्या माणसाला ना रेशन, ना लग्न, ना कबर. यापैकी काय खरे आहे हे सांगणारा पुरावा त्या खोकल्याखेरीज दुसरा नव्हता.

दोन दिवस तो आला नाही. गल्लीतून जाताना मला तो दिसे. गरम इस्त्री हातात धरून उभा असे आणि खालच्या शर्टाकडे पाहत असे. तिसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्यासमोर बसला.

“लिहा,” तो म्हणाला. “तो मला जिंकू देतो आहे.”

मी विचार न करता बोलून गेलो, “किंवा मला शोध म्हणतो आहे.”

“हो,” तो म्हणाला. “तेही असेल. लिहा.”

मी निवेदन लिहायला घेतले. आईचे प्रत्येक वाक्य, तिच्याच क्रमाने. ‘माझ्या घरात कोणी पुरुष नाही’ या वाक्याशी आलो तेव्हा माझ्या उताऱ्यावर पेन्सिलीची खूण होती आणि पुढे मी माझ्या अक्षरात नोंद केली होती: येथे पुरुषाच्या खोकण्याचा आवाज. टाइपरायटरवर माझी बोटे थांबली. तोवरच्या इतक्या वर्षांत मी अर्जदाराने सांगितलेले किंवा मला ऐकू आलेले काहीही गाळले नव्हते. तो तरुण समोर बसून माझ्या बोटांकडे पाहत होता. मी पूर्णविराम दिला आणि पुढचे वाक्य घेतले. वाक्यानंतरची ती कोरी जागा मला अजून डोळ्यांपुढे दिसते. कागदाचा तेवढाच भाग जणू बाकीच्या कागदापेक्षा जास्त पांढरा होता.

कागद टपालाने इमामाकडे गेला. पंचवीस दिवसांनी इमामाचे पत्र आले, निळ्या शाईत, सुरेख अक्षरात. ते मी तरुणाला वाचून दाखवले, मोठ्याने, कारण तशी माझी पद्धत होती. आईने अंगठा दिला होता आणि निवेदन कार्यालयात दाखल झाले होते. मग पुढे लिहिले होते की गावात कुणकुण लागल्यामुळे दाखल झाल्याच्या सहाव्या दिवशी कार्यालयाची तीन माणसे घर तपासायला आली. इमाम बरोबर होता. आतल्या खोलीत एक अंथरूण नीट घातलेले होते. उशीच्या बाजूची भिंत, डोके टेकल्यावर होते तशी, तेलकट झाली होती. अंथरूण कोणाचे, असे विचारल्यावर आई म्हणाली, थोरल्याचे. मी रोज घालते. माणसांनी धान्याची कोठी पाहिली, छप्पर पाहिले, विहिरीत दिवा सोडून पाहिला. घरात कोणी पुरुष आढळला नाही. तसा पंचनामा त्यांनी लिहिला, आणि त्यावर साक्षीदार म्हणून इमामाने सही केली.

“पुढे?” तरुणाने विचारले.

“पुढे सलाम, दुवा आणि त्याची सही.”

“आदल्या दिवशी कोणी होते का, ते लिहिले नाही?”

“नाही.”

त्या पंचनाम्यानेच त्याचे काम झाले. आईचे निवेदन कदाचित अपुरे पडले असते, पण कार्यालयाच्याच तीन माणसांनी आपल्या डोळ्यांनी पाहून लिहिले होते की घरात कोणी नाही. पासपोर्टची मुदत संपायला तीन दिवस असताना सूट मिळाल्याचा दाखला तारेने कळवला गेला आणि मूळ कागद मागाहून आला. मी आयुष्यात जिंकलेल्या प्रकरणांत हे सर्वांत अवघड होते, असे मी तेव्हा लोकांना सांगत असे. आता सांगत नाही.

कारण माझ्या प्रश्नामुळे गावात कुणकुण गेली असेल, तर ती माणसे माझ्यामुळे त्या घरात आली. आणि त्या अंथरुणात कोणी निजत असेल, तर ते येण्याआधी त्याला तिथून जावे लागले. कुठे गेला असेल? विहिरीपलीकडे, असे तरुणाने एकदा सांगितले होते, चार दिवसांच्या चालीपर्यंत पाणी नाही. आणि तिथे कोणीच निजत नसेल, तर मग आम्ही तिघांनी त्या दुपारी जे ऐकले ते कोणाचे होते? माझ्या शेजाऱ्याने मात्र एवढेच म्हटले, “भाऊ, टेप माहा होता. त्यात काही बिघाड नव्हता.” हे तो मला धीर देण्यासाठी म्हणाला की दुसऱ्या कशासाठी, ते कळले नाही.

तरुण घरी गेला नाही. आता जायला हरकत नव्हती. दाखला होता, रजा साठली होती, मालक तिकीट द्यायला तयार होता. मी दोन-तीनदा सुचवले. तो “इंशाल्ला” म्हणे आणि विषय बदली.

मात्र लष्करातून मिळालेल्या त्या सवलतीला एक अट होती. लढाई चालू असेपर्यंत दरवर्षी एक प्रतिज्ञापत्र द्यावे लागे: माझा भाऊ परत आलेला नाही, त्याच्याकडून निरोप आलेला नाही, तो हयात नाही. ते लिहायला तो माझ्याकडेच येई. पहिल्या वर्षी त्याने न वाचता सही केली. दुसऱ्या वर्षी त्याने कागद हातात घेतला, एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

“उस्ताद, इथे ‘माझ्या माहितीप्रमाणे’ असे घालता येईल का?”

“नाही,” मी म्हणालो. “कार्यालय ते मान्य करीत नाही. हयात आहे किंवा नाही, एवढेच.”

त्याने मान हलवली. पेन घेतले, पण लगेच टेकवले नाही. बाहेर गाड्यांचा आवाज होता, आत एसीचा. तो किंचित एका बाजूला मान करून बसला होता, दूरच्या खोलीत कोणी आहे का ते ऐकणाऱ्या माणसासारखा, आणि मीही, का कोण जाणे, टाइपरायटरवरून हात उचलून तसाच गप्प बसलो. काहीच ऐकू आले नाही. मग त्याने सही केली, शाई वाळेपर्यंत थांबला, आणि पुढच्या वर्षी कोणत्या महिन्यात यायचे ते मला विचारून निघून गेला.